शब्दकार्ड प्रकल्पाच्या नोंदी : इंग्रजी शब्द, त्याची व्याख्या आणि त्याची वाक्ये

९ जून २०२५

दांडिया बाजाराजवळच्या आमच्या मंडळाच्या वाचनालयात सायंकाळी जो इंग्रजीचा वर्ग भरतो, त्याच्यासाठी शब्दकार्डांचा संच तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले. वर्गाला आठवी ते दहावीची मुले येतात, दुकानात किंवा दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या काही स्त्रिया येतात, आणि परदेशात वाढणाऱ्या नातवंडांशी नीट बोलता यावे म्हणून येणारे निवृत्त गृहस्थही आहेत. घरात मराठी, बाजारात गुजराती आणि जरूर पडेल तिथे हिंदी अशी बडोद्यातील मराठी माणसाची रोजची वहिवाट असल्यामुळे आणखी एका भाषेचा संकोच कोणाला नाही. अडचण निराळीच आहे. बहुतेकांकडे शब्दार्थांच्या वह्या आहेत, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी किंवा गुजराती अर्थ, आणि त्या वह्या त्यांनी मनापासून घोकल्याही आहेत. तरीही ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांतला कोणता शब्द कुठे योजावा असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात, कारण वहीत दोहोंसमोर ‘उसने’ एवढेच लिहिलेले असते.

कार्डाचा आराखडा तूर्त असा ठरवला आहे: पुढच्या बाजूस शब्द आणि त्याखाली दोन वाक्ये, मागच्या बाजूस सोप्या इंग्रजीतील व्याख्या, आणि तिच्या तळाशी, बारीक अक्षरात, मराठी प्रतिशब्द. कार्डांवर इंग्रजी मजकूर अर्थातच रोमन लिपीत राहील. ही नोंदवही मात्र मंडळाच्या शिरस्त्याप्रमाणे सबंध देवनागरीत ठेवायची असल्याने उदाहरणेही इथे देवनागरीतच उतरवली आहेत.

१२ जून

शब्दांची निवड. मायकेल वेस्ट यांची १९५३ मधील ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’, म्हणजे इंग्रजीत नेहमी लागणाऱ्या शब्दांची यादी, सुमारे २,००० शब्दांची आहे आणि अजूनही उपयोगी पडते, पण तीत ‘कंप्युटर’ नाही, यावरून तिचे वय कळते. २०१३ मध्ये ब्राउन, कलिगन आणि फिलिप्स यांनी तयार केलेली तिची नवी आवृत्ती सुमारे २,८०० शब्दांची आहे. तिच्यातील पहिले, म्हणजे सर्वाधिक वापरातले, हजारभर शब्द आमच्या वर्गाला बहुतांशी ठाऊक आहेत, म्हणून काम दुसऱ्या हजारापासून सुरू करावे असे ठरले.

१८ जून

व्याख्या लिहायला बसल्यावर लक्षात येते की अवघड शब्दाची व्याख्या लिहिणे त्या मानाने सोपे असते आणि खरा घाम सोपे शब्द काढतात. ‘रिलक्टंट’ची व्याख्या पाच मिनिटांत झाली, ‘डोअर’ची व्याख्या करू गेल्यास सरळ वाक्य हाताला लागत नाही. अशा वस्तुवाचक शब्दांसाठी चित्र काढावे आणि व्याख्येच्या वाटेला जाऊ नये, हे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत आहे.

या बाबतीत जुन्या कोशकारांनी वाचकाची फारशी फिकीर केलेली दिसत नाही. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ चा. त्यात ‘नेटवर्क’ या साध्या शब्दाची व्याख्या करताना त्यांनी ‘रेटिक्युलेटेड’, ‘डिकसेटेड’ आणि ‘इंटरस्टिसेस’ असे शब्द वापरले आहेत, म्हणजे जाळे काय असते हे समजण्यासाठी वाचकाने आधी तीन अवघड शब्दांचे अर्थ हुडकावेत. जॉन्सन इंग्रजी जाणणाऱ्यांसाठीच लिहीत होते, हे खरे. भाषा नव्याने शिकणाऱ्याचा विचार करून कोश रचण्याची कल्पना रुजली ती विसाव्या शतकात, आणि तिचा एक धागा आपल्या देशातून जातो, कारण वेस्ट हे फाळणीपूर्वीच्या बंगालमध्ये, ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि तेथील मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या खटपटीतूनच त्यांचे शब्दसंख्येविषयीचे विचार तयार झाले. १९३५ मध्ये त्यांनी एंडिकॉट यांच्यासह जो छोटा कोश काढला, त्यात व्याख्यांसाठी केवळ १,४९० शब्द वापरण्याचे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले होते. पुढे १९७८ मध्ये लाँगमनच्या विद्यार्थी-कोशाने सुमारे २,००० शब्दांच्या मर्यादेत सर्व व्याख्या बसवल्या, आणि आज शिकणाऱ्यांसाठी निघणाऱ्या बहुतेक मोठ्या इंग्रजी कोशांना अशी काही मर्यादा असतेच.

आमच्यापुरता नियम: व्याख्येत येणारा प्रत्येक शब्द पहिल्या हजारातला असावा. जिथे ते अशक्यच होईल तिथे एखादा बाहेरचा शब्द घ्यावा, पण त्याचे कार्ड संचात आधी आलेले असावे.

२१ जून

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन आलो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानभर वाचनालयांची व्यवस्था उभी केली, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, आणि या शहरात शब्दांच्या कामाविषयी आस्था असण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे असे म्हणायला हरकत नाही. ‘श्रीसयाजीशासन शब्दकल्पतरू’ हा १९३१ चा ग्रंथ या परंपरेतलाच. कारभारातील इंग्रजी संज्ञा घेऊन त्यांच्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली पर्याय त्यात मांडलेले आहेत. राज्यकारभाराला हीच रीत योग्य होती, कारण एका संज्ञेला एक ठरलेला प्रतिशब्द असल्याखेरीज हुकूम आणि दप्तर चालत नाही. कारकुनाला ‘अपील’ या शब्दाने वाक्य रचायचे नव्हते, ‘अपील’ आले की पुढे कोणता शब्द लिहायचा एवढेच त्याला हवे होते. आमच्या वर्गातील वह्या नकळत याच पद्धतीने लिहिलेल्या आहेत. वाक्य बोलण्याची वेळ आली की ती पद्धत अपुरी पडते आणि तिथूनच आमचे काम सुरू होते.

५ जुलै

व्याख्येची रचना कशी असावी यावर आज वर्गाच्या शिक्षिका ताईंशी बराच वेळ चर्चा झाली. नेहमीची कोशपद्धती म्हणजे तुटक पदसमूह: ‘नॉट विलिंग’. दुसरी पद्धती म्हणजे पूर्ण वाक्य. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला कोबिल्ड कोश सर्व व्याख्या पूर्ण वाक्यांत देतो. त्यासाठी त्या मंडळींनी प्रत्यक्ष छापील आणि बोललेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर जमवला होता. त्या धर्तीवर आम्ही लिहिले: ‘इफ यू आर रिलक्टंट टू डू समथिंग, यू डू नॉट वॉन्ट टू डू इट अँड यू आर स्लो टू स्टार्ट.’ ओळ लांबली खरी, पण ‘रिलक्टंट’नंतर ‘टू’ आणि मग क्रियापद येते, हे वेगळे व्याकरण न सांगता त्या ओळीनेच दाखवले.

ताईंचा आक्षेप असा की लहान मुले ‘इफ’ने सुरू होणारे लांब वाक्य शेवटपर्यंत वाचत नाहीत. आक्षेप रास्त आहे. तडजोड अशी निघाली की क्रियापदे आणि विशेषणे पूर्ण वाक्याने समजावावीत, नामांना तुटक व्याख्या चालेल, आणि कोणतीही व्याख्या कार्डावर दोन ओळींपलीकडे जाऊ नये.

१२ जुलै

आज फक्त एकच जोडी: ‘स्टबर्न’ आणि ‘डिटर्मिन्ड’. दोन्ही माणसे आपले म्हणणे सोडत नाहीत. फरक बोलणाऱ्याच्या पसंतीत आहे. पहिल्याच्या व्याख्येत ‘अँड अदर पीपल थिंक धिस इज बॅड’ असे शब्द घातले. ही नापसंती व्याख्येबाहेर ठेवली, तर विद्यार्थी मुलाखतीत स्वतःला बेधडक ‘स्टबर्न’ म्हणवून घेईल. मुलांना मात्र हे समजावून सांगावे लागले नाही. हट्टी आणि जिद्दी यांतला फरक त्यांनी घरात पुरेसा ऐकलेला आहे.

१९ जुलै

उदाहरणांविषयी. प्रकल्पाचा जीव यात आहे असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, अशा आशयाचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये लिहिले. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. पाऊस ‘हेवी’ असतो, ‘बिग’ नसतो. व्याख्या कितीही नेमकी केली तरी ही संगत तिच्यात मावत नाही. ‘कॉज’ हे क्रियापद घेऊ. ‘टू मेक समथिंग हॅपन’ ही त्याची व्याख्या बरोबर आहे, आणि तिच्या आधारे एका मुलाने ‘माय टीचर कॉज्ड माय सक्सेस’ असे वाक्य केले. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही. तरी इंग्रजी वापरणारे लोक ‘कॉज’ बहुधा नुकसान, त्रास, आजार, अपघात अशाच गोष्टींसाठी वापरतात, हे शब्दसाठ्यांच्या अभ्यासातून स्पष्ट झालेले आहे. आम्ही व्याख्येत ‘युज्वली समथिंग बॅड’ एवढे जोडले आणि वाक्य दिले: ‘द फ्लड कॉज्ड अ लॉट ऑफ डॅमेज टू शॉप्स.’ ऑगस्ट २०२४ मधील विश्वामित्रीचा पूर वर्गातल्या प्रत्येकाच्या स्मरणात ताजा असल्यामुळे हे वाक्य कोणाला दोनदा सांगावे लागत नाही.

त्याच पुराने ‘राइज’ आणि ‘रेज’ यांचाही निकाल लावला. ‘द वॉटर रोज ऑल नाइट.’ ‘वी रेज्ड द फ्रिज ऑन ब्रिक्स.’ पाणी आपोआप चढले, फ्रिज मात्र कोणीतरी विटांवर चढवला. पहिल्या वाक्यात कर्म नाही, दुसऱ्यात आहे. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना तयार केलेला आणि १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झालेला कोश क्रियापदांच्या अशाच रचनांसाठी गाजला. त्यात त्यांनी पंचवीस क्रियापद-रचना क्रमांकांसह दिल्या होत्या. हाच कोश पुढे ऑक्सफर्डने काढला आणि आज जगभर वापरला जातो. क्रमांक आमच्या विद्यार्थ्यांना झेपणार नाहीत, पण जवळजवळ ठेवलेली दोन वाक्ये तेच काम करतात.

यावरून एक धोरण निघाले. पहिल्या वाक्याने शब्दाची नेहमीची संगत दाखवावी आणि दुसऱ्याने त्याची हद्द दाखवावी, म्हणजे शेजारच्या शब्दापासून तो जिथे वेगळा होतो ती जागा. दोन्ही वाक्ये एकाच ठशाची असतील तर दुसरे काढून टाकावे. वाक्ये आपण मनाने रचावीत की खऱ्या इंग्रजी मजकुरातून घ्यावीत, यावर कोशकारांमध्ये जुना वाद आहे; सिंक्लेअर खऱ्या वाक्यांच्या बाजूचे होते. आम्ही मधला मार्ग घेतला आहे: शब्दाची संगत आधी खऱ्या वापरात पडताळून घ्यायची, आणि मग वाक्यातील माणसे व जागा आपल्या गावच्या ठेवायच्या. पडताळणीशिवाय केवळ गावची नावे घालून केलेले वाक्य मला धोक्याचे वाटते, कारण सुरसागर आणि कमाटीबाग आले म्हणून वाक्य इंग्रजी होत नाही.

२ ऑगस्ट

‘अफोर्ड’चे कार्ड आज वर्गात फिरवले. मराठीत वस्तू परवडते आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा राहतो. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो आणि जवळपास नेहमी ‘कॅन’ किंवा ‘कुड’ त्याच्यासोबत येते. पहिले वाक्य होते: ‘वी कान्ट अफोर्ड अ न्यू स्कूटर धिस यिअर.’ मागची व्याख्या पैशापुरतीच होती.

दवाखान्याच्या काउंटरवर काम करणाऱ्या काकूंनी कार्ड उलटून पाहिले, पुन्हा पुढची बाजू वाचली, आणि सावकाश म्हणाल्या, ‘‘आय कान्ट अफोर्ड टू मिस द सिटी बस.’’ बाकीचे हसले, कारण बसचे तिकीट कोणालाही परवडते. पण वाक्य बिनचूक होते. बस चुकली तर कामावर खाडा पडतो, तो परवडणारा नाही, हा त्यांचा आशय इंग्रजीत याच शब्दाने आणि याच रचनेने व्यक्त होतो, आणि विद्यार्थी-कोशांत तो दुसरा अर्थ म्हणून दिलेला असतो. विशेष म्हणजे त्या तिथे व्याख्येवरून पोचल्या नव्हत्या. पुढच्या वाक्यातील ‘कान्ट अफोर्ड’चा साचा त्यांनी उचलला आणि आपल्या गरजेला लावला. आता दुसरे वाक्य त्यांचेच ठेवले आहे आणि व्याख्येला ‘ऑर टू बी एबल टू डू इट विदाउट ट्रबल फॉर युअरसेल्फ’ अशी जोड दिली आहे.

१६ ऑगस्ट

प्रतिशब्दाची जागा हा वादाचा विषय झाला आहे. निवृत्त गृहस्थांपैकी एका काकांचे म्हणणे असे की मराठी अर्थ आधी दिसला म्हणजे डोके शांत राहते आणि मग इंग्रजी व्याख्या वाचायला मजा येते. उलट क्रमाने वाचताना आपण परीक्षेला बसल्यासारखे वाटते. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. आपल्या भाषेतील अर्थाशी जोडलेला शब्द सुरुवातीला लवकर लक्षात राहतो, हे शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे, आणि केवळ इंग्रजीतच शिकवावे हा आग्रह पुष्कळदा शिकवणाऱ्याच्या सोयीचा किंवा हौसेचा असतो. माझा विरोध प्रतिशब्दाला नाही, त्याच्यापाशी थांबण्याला आहे. तो आधी दिसला की मुले कार्ड उलटतच नाहीत, हे वर्गात डोळ्यांसमोर घडते.

निर्णय: क्रम तसाच राहील, वाक्ये, मग व्याख्या, मग प्रतिशब्द. काकांसारख्या ज्येष्ठांसाठी पहिल्या वाचनाच्या वेळी शिक्षिका प्रतिशब्द तोंडी सांगतील. काही मुलांना देवनागरीपेक्षा गुजराती लिपी भरभर वाचता येते, म्हणून प्रतिशब्दाच्या ओळीत मराठीसोबत गुजराती शब्दही छापायचा आहे.

२३ ऑगस्ट

कार्डशीटचे गठ्ठे आले. पुढच्या आठवड्यात गणपती बसणार असल्याने वर्गाला सुटी. लिहिण्याचे काम घरी चालू राहील.

१३ सप्टेंबर

उजळणीची व्यवस्था लावली. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले बरेचसे पहिल्या दिवसाच्या आतच निसटते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी सुरुवातीला लवकर आणि पुढे लांबलांबच्या अंतराने करणे शहाणपणाचे. झेबास्टियान लाइट्नर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली कप्प्यांच्या खोक्याची पद्धत याच तत्त्वावर चालते: कार्ड बरोबर आले की पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा परत भेटते, चुकले की पहिल्या कप्प्यात येते. मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत पुठ्ठ्याचे पडदे घालून मुलांनी आपापले कप्पे केले आहेत.

यात आम्ही एक बदल केला. ‘बरोबर आले’ म्हणजे काय? मराठी अर्थ सांगता आला म्हणजे कार्ड पुढे जात असेल, तर फिरून आपण वहीपाशीच पोचतो. म्हणून कसोटी अशी ठेवली की जोडीदाराने व्याख्या वाचावी, विद्यार्थ्याने शब्द ओळखावा आणि कार्डावर नसलेले एक वाक्य करावे. शब्द ओळखला पण वाक्य जमले नाही, तर कार्ड आहे त्याच कप्प्यात राहते. याने गती निश्चितच मंदावते. दहावीच्या मुलांच्या पालकांनी तशी कुरकुरही केली आहे. मला ती मंद गती चालेल. झरझर पुढे गेलेली कार्डे पुढच्या महिन्यात निमूटपणे परत येतात.

२० सप्टेंबर

सोमवारपासून नवरात्र. गरब्याच्या दिवसांत या शहरात सायंकाळचा वर्ग भरवण्याचा विचारही कोणी करत नाही. त्याआधी ‘क्राउड’, ‘रिहर्स’, ‘एक्झॉस्टेड’ आणि ‘जॉइन’ ही कार्डे हातात दिली, म्हणजे निदान मैदानावरून परतताना ती उपयोगी पडतील. ‘एक्झॉस्टेड’च्या आधी ‘व्हेरी’ लावण्याची सवय दिसते. या शब्दात ‘फार’ आधीच सामावलेले असल्यामुळे त्याच्यासोबत ‘कम्प्लीटली’ किंवा ‘टोटली’ शोभते, आणि वाक्यही तसेच दिले: ‘आफ्टर नाइन नाइट्स ऑफ गरबा शी वॉज कम्प्लीटली एक्झॉस्टेड.’

११ ऑक्टोबर

दुसऱ्या गठ्ठ्यात बोलण्याची क्रियापदे घेतली आहेत: ‘सजेस्ट’, ‘डिस्कस’, ‘एक्स्प्लेन’, ‘रिक्वेस्ट’, ‘इन्फॉर्म’. या गटात व्याख्येचा उपयोग सर्वांत कमी आणि वाक्याचा सर्वांत जास्त आहे, कारण यांचे अर्थ सर्वांना पाठ आहेत. अडते ते शब्दापुढे काय येते यावर. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही, हे कितीदा सांगितले तरी ‘टॉक अबाउट’च्या सवयीने ते परत येते. ‘एक्स्प्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ हीसुद्धा तशीच नेहमीची रूपे. ‘एक्स्प्लेन’ आणि ‘सजेस्ट’ यांना व्यक्ती जोडायची झाली तर मध्ये ‘टू’ हवा, आणि ‘इन्फॉर्म’ला मात्र व्यक्ती थेट लागते. पाचही शब्दांचे नियम एका तक्त्यात मांडावेत असा एक विचार पुढे आला होता. तो मी मान्य केला नाही. तक्ता भिंतीवर राहतो आणि तोंडात जुनेच रूप येते.

त्याऐवजी या पाच कार्डांवर व्याख्या एकेका ओळीत आटोपून प्रत्येकी तीन वाक्ये दिली आहेत, आणि तिन्हींत शब्दापुढचा भाग जाड अक्षरात छापायचा आहे. ‘सजेस्ट’साठी ठरलेली वाक्ये: ‘माय आँट सजेस्टेड दॅट वी टेक द मॉर्निंग ट्रेन.’ ‘ही सजेस्टेड गोइंग बाय बस.’ ‘कॅन यू सजेस्ट अ गुड डेंटिस्ट टू मी?’ शेवटचे वाक्य काकूंनी दवाखान्यातून आणले आहे. तेथे येणारे लोक ते ‘सजेस्ट मी’ असेच विचारतात, आणि त्यांना सुधारणे हे काउंटरवरच्या माणसाचे काम नव्हे, असेही त्यांनी बजावले. छपाईवाल्याकडे मजकूर मंगळवारी द्यायचा आहे; त्याआधी ‘रिक्वेस्ट’च्या तीन वाक्यांतले एक बदलायचे राहिले आहे, कारण ‘रिक्वेस्ट’ हा शब्द अर्जात आणि सूचनाफलकावर जितका शोभतो तितका घरच्या बोलण्यात शोभत नाही, आणि सध्याच्या वाक्यात नातू आजोबांना ‘आय रिक्वेस्ट यू टू पास द चटणी’ असे म्हणतो आहे.